बर्फाचा पंचनामा

पंधरा दिवसांच्या लेखन-निवासासाठी मी हिमाचलातल्या एका डोंगरावर जायला निघाले, तेव्हा अख्ख्या कळंबात दोनच माणसांनी मला शहाणपणाचं काही विचारलं. त्यातले एक माझे यजमान. बॅग भरताना दारात उभे राहून ते म्हणाले, "लिहायलाच बसायचंय ना? मग हितं तुला उठवतंय कोण?"

प्रश्न बिनतोड होता. मला उठवणारं कुणीही नव्हतं. शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेलेली. यजमान सकाळी नऊला त्यांच्या बी-बियाण्याच्या दुकानात जायचे, दुपारी जेवायला यायचे आणि मग थेट दिवेलागणीला. घरात इतका एकांत असायचा की मी अधूनमधून फ्रिजशी बोलायचे. पण अर्जात मी लिहिलं होतं की, रोजच्या गोंगाटापासून दूर, हिमशिखरांच्या सान्निध्यात माझ्या कादंबरीला तिचा श्वास सापडेल. कादंबरी सहा वर्षं चालू होती. म्हणजे सहा वर्षांपूर्वी चालू केली होती. तिची एक्केचाळीस पानं झाली होती आणि ती सगळी कळंबच्या मोंढ्यातल्या धान्याच्या एका आडत दुकानात घडत होती. आडत दुकानातल्या गोष्टीला श्वास घ्यायला हिमालय कशाला लागतो, हे निवड समितीनं विचारलं नाही. मीही आपण होऊन सांगितलं नाही.

दुसरे चाचा. बसस्टँडजवळच्या बोळात त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. वय सत्तरीच्या पुढं. त्यांच्या दोन्ही मुली माझ्या वर्गात होत्या, तेव्हापासून ते मला 'बाई' म्हणतात आणि मी त्यांना, गावातल्या सगळ्यांसारखं, चाचा. फॉर्मला लावायचा फोटो काढून घ्यायला गेले होते, तेव्हा त्यांनी विचारलं, "बर्फाच्या मुलखात चाललाव बाई, कॅमेरा कंचा नेताव?"

"मोबाइल आहे की."

मी चुलीऐवजी उदबत्तीवर भाकरी भाजणार असल्यासारखं त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग कपाट उघडून मखमली कापडात गुंडाळलेला एक काळा, चांगला वजनदार कॅमेरा काढून टेबलावर ठेवला. "लग्नात आता पोरं ड्रोन उडवत्यात. ह्याला कुणी इचारत न्हाय. घेऊन जावा. पाडू नका, एवढंच."

बटणं कुठली कुठं ते त्यांनी दाखवलं. मी मान हलवली. तीस वर्षं वर्गात मुलं अशीच मान हलवताना बघितली होती, त्यामुळं मला तिचा अर्थ नीट ठाऊक होता.

एसटी, रेल्वे, पुन्हा रेल्वे, बस आणि शेवटी एक जीप, असा तीन दिवसांचा प्रवास करून मी त्या डोंगरावर पोचले. बरोबर दोन स्वेटर, यजमानांची माकडटोपी, कडक भाकरीची चवड, शेंगदाण्याची चटणी आणि कुंथलगिरीचा पेढा. कादंबरीची एक्केचाळीस पानं भाकरींच्या खाली होती. ती शेवटपर्यंत तिथंच राहिली आणि घरी आली तेव्हा त्यांना चटणीचा चांगला वास लागला होता.

घर दगडी, दोन मजली, सफरचंदाच्या बागेत. आम्ही चार लेखक. त्यातले दोघं पहिल्याच दिवशी तापानं आडवे झाले आणि ते या हकिगतीत पुन्हा येत नाहीत. राहिले दिल्लीचे एक कवी, आमच्यावर देखरेख करणाऱ्या संचालिका, त्याही दिल्लीच्याच, आणि मी. शिवाय स्वयंपाकपाणी, लाकडं, बंब, झाडलोट, म्हणजे ज्याच्यावर साहित्य उभं राहतं ते सगळं, बघणारी एक बाई होती. चाळिशीची असेल. खालच्याच वाडीतली. तिला सगळे दीदी म्हणायचे.

संचालिकांनी पहिल्या संध्याकाळी नियम सांगितले. सकाळी उठल्यापासून दुपारी एकपर्यंत मौन. कुणी कुणाशी बोलायचं नाही, खुणासुद्धा शक्यतो करायच्या नाहीत. संध्याकाळी शेकोटीभोवती बसून प्रत्येकानं त्या दिवशी लिहिलेलं वाचायचं. मग त्या डोळे मिटून म्हणाल्या, "इथं तुम्ही लिहायचं नाही. इथं डोंगर तुमच्याकडून लिहून घेईल."

मला हायसं वाटलं. सहा वर्षं जबाबदारी माझ्यावर होती.

पहिले दोन दिवस डोंगरानं माझ्याकडून काहीही लिहून घेतलं नाही. मी रजई पांघरून टेबलाशी बसायचे, पेनाचं टोपण काढायचे, शाई गोठली नाही ना बघायचे आणि टोपण लावायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी पडदा सरकवला तर बाहेर काहीच नव्हतं. बाग नाही, कुंपण नाही, खाली जाणारी पायवाट नाही. चार फूट बर्फ. सफरचंदाची झाडं कमरेपर्यंत पुरली गेली होती आणि वरच्या काळ्या फांद्या तेवढ्या बाहेर होत्या. वीज गेली होती. रस्ता बंद झाला होता. आयुष्यात फ्रीजरच्या कप्प्याबाहेर मी बर्फ पाहिला नव्हता. मी टाळ्या वाजवल्या, मौन आठवलं आणि मधेच थांबले.

त्या दिवसापासून मी फोटो काढायला लागले. न लिहिण्यासाठी इतकं उत्तम कारण मला सहा वर्षांत सापडलं नव्हतं. सकाळी माकडटोपी घालून, कॅमेऱ्याची बॅटरी गरम राहावी म्हणून ब्लाउजात ठेवून मी व्हरांड्यात जायचे आणि दिसेल त्याचा फोटो काढायचे. बर्फाचा. बर्फातल्या बर्फाचा. नळावर लोंबणाऱ्या बर्फाचा. दीदी मात्र पहाटेपासून फावड्यानं दारापासून लाकडांच्या खोपटापर्यंत अन् तिथून पाण्याच्या टाकीपर्यंत वाट खणत असायची. दोन्ही बाजूंना छातीएवढ्या बर्फाच्या भिंती आणि मधून एक माणूस जाईल एवढी नाळ. मला कॅमेरा घेऊन उभी बघून ती म्हणाली, "मैडमजी, इसी रास्ते पर चलना. बाहर पाँव मत रखना." मी मौनात असल्यामुळं गंभीरपणे मान हलवली. तीच, वर्गातली मान.

संध्याकाळी वाचायला माझ्याकडं काही नव्हतं, म्हणून मी कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर फोटो दाखवले. दाखवताना मलाच जरा चमत्कारिक वाटलं. बाहेर डोळे दिपवणारं पांढरंशुभ्र होतं, आणि फोटोत सगळं करडं. चुलीतली राख डोंगरभर पसरल्यासारखं. दिल्लीचे कवी मात्र पुढं वाकले. त्यांनी काच हातभर लांब धरून पाहिली, मग जवळ घेऊन पाहिली आणि हळू आवाजात म्हणाले, "हे धाडस आहे. बर्फ पांढरा असतो हा आपला भ्रम तुम्ही मोडून काढलाय. हा पांढऱ्याच्या मनातला अंधार आहे."

संचालिकांनी मान डोलावली. दोघांचंही माझ्याबद्दलचं मत एकदम वर गेलं. मी म्हणाले, "हो, तेच म्हणायचं होतं मला." खोटं बोलणं इतकं सोपं असतं हे माहीत असतं, तर मी कविताच लिहिल्या असत्या.

पण मन खात होतं. फोनला रेंज एकाच जागी, खणलेल्या वाटेच्या टोकाला, पाण्याच्या टाकीला पाठ लावून उभं राहिलं तरच यायची. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजून गेल्यावर तिथं उभी राहून मी चाचांना फोन लावला आणि म्हणाले, "चाचा, तुमचा कॅमेरा बिघडला वाटतं. बर्फ राखेसारखा येतोय."

पलीकडून आधी खोकल्याचा आणि मग हसण्याचा आवाज आला. "कॅमेरा बिघडला न्हाय बाई. कॅमेरा बावळट असतो. त्याला वाटतं दुनियेत समदं करड्या रंगाचंच असतंय. समोर पांढरंच पांढरं आलं की घाबरतो, म्हणतो लई उजेड झाला, अन् डोळा बारीक करतो. मग येतं काळपट."

"तुम्हाला कसं माहीत? तुम्ही कुठं बर्फ बघितलाय?"

"बर्फ म्या जिंदगीत बघितला न्हाय. पण पांढरं लई काढलंय."

मग त्यांनी सांगितलं. स्टुडिओ नवीन होता तेव्हा ईदच्या नमाजाचा फोटो काढायला ते ईदगाहच्या भिंतीवर चढले होते. खाली शेकडो माणसं, सगळ्यांचे कपडे पांढरे, टोप्या पांढऱ्या. फोटो धुऊन आले तर अख्खी जमात राखेत लोळून आल्यासारखी. "बुजुर्ग लोक स्टुडिओत आले बाई. म्हणाले, मियाँ, आम्ही सकाळी आंघोळ करून आल्तो. त्या दिवशी शिकलो. आता तुम्ही काय करा, ते प्लस-मायनसचं बटण हाय न्हवं, ते प्लसकडं दीड घर सरकवा. कॅमेऱ्याचं ऐकू नका, तुमच्या डोळ्याचं ऐका. अन् भर उन्हाचं काढू नका, सपाट दिसतंय. सकाळी नायतर उन्हं कलली की काढा. मोंढ्यात शाळूच्या राशीचा फोटो तसाच काढावा लागतो. बाजूनं उजेड आला तरच रास उंच दिसती."

मग त्यांनी विचारलं, "पुस्तक किती लिवलं?"

मी म्हणाले रेंज जातेय, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला ऊन बाजूनं येत होतं. मी बटण दीड घर सरकवलं, नाळेतून एक फोटो काढला आणि काचेवर पाहिला. पांढरा! शुभ्र, आणि त्यावर सफरचंदाच्या फांद्यांच्या निळसर सावल्या. मला इतका आनंद झाला की फोटोत एक काडी आडवी येतेय म्हणून मी जरा डावीकडं सरकले. म्हणजे नाळेच्या भिंतीवर चढून पलीकडं गेले. वरचा थर कडक होता, दोन पावलं नीट पडली. तिसरं पडलंच नाही. बागेला पायऱ्यांसारखे बांध होते आणि बर्फानं सगळे बांध भरून एकसारखे केले होते. मी एका बांधाच्या कडेवरून सरळ खाली गेले आणि कमरेपर्यंत रुतले.

दोन्ही हात मात्र वर होते आणि हातांत कॅमेरा होता. आपल्या जिवापेक्षा चाचांचा कॅमेरा मोलाचा आहे हे शरीराला आपोआप कळलं होतं. पाय हलवून पाहिले, तर जितके हलवावेत तितकी मी खाली. एक बूट निघाला आणि कुठंतरी खालीच राहिला. मोजा भिजला. आणि तेव्हा मला आठवलं की घड्याळात साडेदहा वाजलेत आणि एक वाजेपर्यंत मौन आहे.

हे लिहायला मला लाज वाटते, पण मी खरंच विचार केला. ओरडावं की नाही? पाच मिनिटं तरी मी तशीच, हात वर करून, शिस्तीत उभी होते. तेवढ्यात वरच्या मजल्याच्या खिडकीत दिल्लीचे कवी दिसले. हातात चहाचा कप. त्यांनी मला पाहिलं. मी कॅमेरा हलवला, मान हलवली, डोळे मोठे केले. त्यांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, आले. त्यांनी दोन्ही हात जोडले, डोळे मिटले, मला मोठ्या आदरानं नमस्कार केला आणि लिहायला बसले.

मग मात्र मौनाचं काय व्हायचं ते होवो म्हणून मी ओरडले. हिंदी, इंग्रजी काहीही सुचलं नाही. "अगं बाई गं! मेले! कुणी हाय का न्हाय तिकडं!" तो आवाज समोरच्या डोंगरावर आपटून परत आला. हिमालयानं कळंबची बोली बहुधा पहिल्यांदाच ऐकली असावी.

दीदी आली ती फावडं आणि एक लांब फळी घेऊन. तिनं फळी बर्फावर आडवी टाकली, त्यावर पोटावर आडवी झाली आणि आधी हात पुढं केला तो कॅमेऱ्यासाठी. तो नाळेत नीट ठेवून आली आणि मग माझ्याभोवतीचा बर्फ उकरायला लागली. उकरता उकरता मौनाची पर्वा न करता बोलत होती. "बोला था ना? बोला था बाहर पाँव मत रखना? इतनी पढ़ी-लिखी होके!" तीस वर्षं मी मुलांना हेच, याच सुरात म्हणत आले होते. त्यातला कुठलाच शब्द खोटा नव्हता. पंधरा-वीस मिनिटांनी मी फळीवरून सरपटत, पोत्यासारखी, नाळेत येऊन पडले. बूट मात्र मिळाला नाही.

तिनं मला वर घरात नेलंच नाही. स्वतःचं घर जवळ होतं, तिथं चुलीपुढं बसवलं, पाय कोरडे केले आणि लोकरीचे जाड मोजे दिले. आतल्या बाजूला, माणसांच्याच खोलीत, एक गाय आणि वासरू बांधलेलं होतं. दोघं माझ्याकडं बघत रवंथ करत होती. मी विचारलं, गाय घरात का? तिनं चहा ओतता ओतता मागचं दार उघडून दाखवलं. मागं गोठा होता. म्हणजे आदल्या दिवसापर्यंत होता. बर्फाच्या वजनानं दगडी पाट्यांचं अर्धं छप्पर आत बसलं होतं आणि एक तुळई मोडून वाकडी उभी होती. जनावरं तिनं बर्फ वाढतोय हे बघून आदल्या संध्याकाळीच आत आणली होती. नवरा खाली शहरात हॉटेलात कामाला. रस्ता उघडेपर्यंत तो येणार नव्हता.

"आप लोगों की छत पहले साफ करनी थी ना," ती म्हणाली. "वहाँ आप लोग लिख रहे थे. मेरा रह गया."

मी चहाचा पेला हातात धरून बसले. मी तीन दिवस बर्फाचे फोटो काढत होते. नळावर लोंबणाऱ्या बर्फाचे अकरा होते. शंभर पावलांवर हा गोठा पडला होता आणि मला दिसलाच नव्हता.

मग तिनं जरा संकोचत विचारलं, "मैडमजी, इसका फोटो निकालोगे? पटवारी को दिखाना है. फोन से साफ नहीं आता."

पटवारी म्हणजे तिकडचा तलाठी. पंचनाम्याचा हा विषय मला येत होता. त्या डोंगरावर पहिल्यांदाच मला येत असलेला विषय निघाला होता. आमच्याकडं गारपीट झाली की यजमानांच्या दुकानात शेतकरी मोबाइलवर नुकसानीचे फोटो घेऊन येतात, आणि यजमान काउंटरवरून ओरडतात, "आरं, शेजारी माणूस उभा करा की! गार केवढी अन् ज्वारी केवढी, साहेबाला कसं कळायचं?" मी तिचे मोजे घालून, त्यावर प्लास्टिकच्या पिशव्या बांधून बाहेर गेले. बटण दीड घर प्लसकडं. तिला मोडक्या तुळईशेजारी उभं केलं, हातात फावडं उभं धरायला लावलं, म्हणजे बर्फ किती आहे ते कळेल. तिनं डोक्यावरचा रुमाल सारखा केला. एक फोटो दाराकडून, एक आतून, एक लांबून घरासकट. मग चुलीपाशी बसून वहीतलं पान फाडलं आणि अर्ज लिहिला. शाळेत असताना दिलेल्या हिंदीच्या परीक्षा अखेर कामाला आल्या. 'सेवा में, श्रीमान तहसीलदार महोदय' इथपासून 'प्रार्थिनी' पर्यंत सलग, न थांबता, एकही खाडाखोड न करता, एक पान. छप्पर किती लांब, किती रुंद, दगडी पाट्या किती, जनावरं किती, सध्या कुठं बांधलीत. तिनं वाचून पाहिला, एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाली, "बछड़ा नहीं, बछड़ी है." मी दुरुस्त केलं. संपादन म्हणजे काय, ते त्या बोटानं मला नीट समजावलं.

त्या संध्याकाळी शेकोटीपाशी कवींनी नवी कविता वाचली. तिच्यात एक स्त्री होती. ती कमरेपर्यंत शुभ्रतेत उभी होती, हात आकाशाकडं, हातात काळं एक यंत्र, आणि ती काहीच मागत नव्हती. वाचून झाल्यावर त्यांचे डोळे पाणावले होते. "तुम्ही मला आज फार मोठं काही दिलंत," ते मला म्हणाले.

"मी मदत मागत होते," मी म्हणाले.

"तेच," ते म्हणाले. "आपण सगळे तेच करत असतो."

संचालिका म्हणाल्या, आज तुम्ही काय वाचणार? माझ्याकडं अर्जाची कच्ची प्रत होती. मी ती वाचली. लांबी, रुंदी, पाट्या, गाय, बछडी. संचालिका म्हणाल्या, "किती संयमित. भावनेचा एक शब्द नाही आणि तरी." 'आणि तरी'पाशी बहुधा वाक्य पूर्ण झालं होतं. मी सांगितलं की हा खरोखरीचा अर्ज आहे, गोठा खाली आहे, आपल्या छपरावरचा बर्फ काढण्यात तिचा राहून गेला. तेव्हा कवींनी विचारलं, घरात फावडी किती आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मौनाच्या वेळात दिल्लीचे कवी फावडं घेऊन गोठ्यावर चढलेले मी पाहिले. बर्फ काढण्याची त्यांची पद्धत अशी होती की उजवीकडचा बर्फ डावीकडं जात होता. पण चढले होते, हे मान्य केलं पाहिजे. संचालिकाही पाट्या उचलून भिंतीशी लावत होत्या. मी एक दुसऱ्याचा, दोन नंबर मोठा बूट घालून खाली उभी राहून सूचना देत होते. शिक्षकाला तेवढंच नीट जमतं. दोन दिवसांत मलबा निघाला. दीदीनं शेवटी सगळ्यांना राजमा-भात खायला घातला आणि कवींना म्हणाली, "आप रहने दो साहब, आप लिखो." त्यांना ती स्तुती वाटली.

रस्ता उघडल्यावर अर्ज आणि फोटो खाली गेले. मीही गेले. कादंबरीत एका ओळीची भर पडली नव्हती.

कळंबला आल्यावर माझे फोटो बघायला पहिले काही दिवस गर्दी झाली. प्रत्येकानं एकच विचारलं. "तुम्ही कुठं हायेत ह्याच्यात?" मी कुठंच नव्हते. तेव्हा मी खरंच गेले होते का, याबद्दल गल्लीत थोडी शंका निर्माण झाली. यजमानांनी तीनशे फोटो शांतपणे पाहिले. गोठ्याच्या फोटोवर थांबले. "फावडं बरोबर धराय लावलंस," एवढंच म्हणाले. तेहतीस वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्याही निर्मितीवर त्यांनी दिलेला हा सगळ्यांत लांब अभिप्राय.

कॅमेरा परत द्यायला स्टुडिओत गेले तेव्हा चाचांनी आधी तो चारी बाजूंनी फिरवून पाहिला. मी बर्फात पडल्याचं सांगितलं, हात वर धरल्याचंही सांगितलं. त्यांनी आतून माझ्यासाठी चहा मागवला. मग सगळे फोटो कॉम्प्युटरवर घेऊन एकेक बघत गेले. करडे आले तशी मान हलवत पुढं गेले. गोठ्यापाशी थांबले. "हा फोटो हाय," म्हणाले. "ह्याच्यात माणूस हाय." मग मागं येऊन त्या दहाच्या उन्हातल्या बागेपाशी पुन्हा थांबले, ज्याच्यानंतर लगेच मी खड्ड्यात गेले होते. "अन् हा मला द्या. ह्याच्यात माणूस न्हाय, म्हणूनच कामाचा. माणसं म्या घालतो."

मला अर्थ कळला नाही. मी फुशारून गेले होते, त्यामुळं विचारलंही नाही.

होळीच्या आसपास दीदीचा फोन आला. पटवारी येऊन मोजमाप करून गेला होता. त्यानं फोटो बघून विचारलं, हे काढले कुणी, सरकारी माणसानं काढल्यासारखे आहेत. गोठ्याची नवी तुळई बसली होती. नवरा सुट्टी काढून आला होता. बर्फ वितळल्यावर माझा बूटही सापडला होता, पण त्यात पाणी राहून तो फुगला होता, तेव्हा पाठवू का टाकू, असं ती विचारत होती. मी टाक म्हणाले. कवींची ती कविता एका मासिकात छापून आली. त्यांनी मला अंक पाठवला. त्यावर 'प्रेरणेस' असं लिहिलं होतं.

एप्रिलात उन्हाचा चटका वाढलेला असताना एक दिवस काही कामानं मी स्टुडिओत गेले. बाहेर रस्त्यावर डांबर चपलेला चिकटत होतं. आत चाचांनी मागचा धबधब्याचा जुना पडदा काढून टाकला होता आणि त्या जागी भिंतभर फ्लेक्स लावला होता. माझा बर्फ. शुभ्र, निळ्या सावल्यांचा, काळ्या फांद्यांचा, जमिनीपासून छतापर्यंत. त्याच्यापुढं बेंबळी गावचं एक नवं जोडपं उभं होतं. नवरदेव कोटात, घामानं निथळत. नवरी भरजरी शालूत, हातभर चुडा. चाचा कॅमेऱ्यामागून सांगत होते, "जरा थंडी वाजल्यावाणी करा. लई न्हाय, जरा."

नवरीनं खांदे आखडले. नवरदेवाला ते जमेना. तो फ्लेक्सकडं बघून म्हणाला, "चाचा, हे कुठलं हाय? सित्झर्लंड व्हय?"

"आमच्या बाईंनी काढलंय," चाचा माझ्याकडं हात करून म्हणाले. "सोता जाऊन."

दोघंही वळून माझ्याकडं बघायला लागली. एका लेखकाला वाचक भेटावेत तशी. मला राहवलं नाही. मी पुढं होऊन सांगायला लागले की तो बर्फ असा सपाट दिसतो पण तसा नसतो, खाली बांध असतात, तिथं उभं राहायचं म्हटलं तर माणूस कमरेपर्यंत जातो, आणि फोटो काढायचा तर बटण दीड घर—

"बाई," चाचा कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाले, "जरा बाजूला सरा. तुमची सावली पडतीया बर्फावर."